वाक्य संपेपर्यंत

कंठीनं ‘सिनो’ म्हटलं आणि पुढे काही म्हटलंच नाही.

न्यायाधीश दोन्या अंपारो यांनी सही करायला पेन उचललं होतं, ते पुन्हा खाली ठेवलं. शेजारच्या डॉक्टरबाईंनी मान वर केली. मुग्धा मात्र हसऱ्या चेहऱ्यानं बसून होती, कारण आपण काय बोललो ते तिला ठाऊक होतं आणि यंत्र काय बोललं ते तिला कळलं नव्हतं. दोन्ही कळणारी त्या दालनात एकटी ऋजुता होती.

प्रश्न अगदी उपचारापुरता होता. तुम्ही तुमची किडनी बहिणीला स्वखुशीनं देता आहात का? त्यावर मुग्धा स्वच्छ मराठीत म्हणाली होती, ‘‘मी हे माझ्या मनानं करतेय.’’ पण ती ‘मनानं’पर्यंत पोचते न पोचते तोच तिच्या गळ्यातल्या कंठीनं, तिच्याच आवाजात, स्पॅनिशमध्ये सांगून टाकलं होतं, ‘‘नो लो आगो पोर बोलुंताद प्रोपिआ, सिनो…’’ मी हे माझ्या मनानं करत नाही, तर…

‘‘सिनो के?’’ दोन्या अंपारोंनी विचारलं.

‘तर काय?’ कंठी मुग्धाच्या कानात कुजबुजली.

‘‘तर काय म्हणजे? मी ‘तर’ म्हटलंच नाही,’’ मुग्धा म्हणाली आणि तिनं ऋजुताकडे पाहिलं. ‘‘ताई, काय झालं गं?’’

ताई काय सांगणार!

इथं या कंठीविषयी चार शब्द सांगायला हवेत, नाहीतर तुम्ही म्हणाल, बिघडलं असेल यंत्र, दुसरं आणा.

माणूस बोलण्याआधी त्याचा गळा बोलण्याची तयारी करतो. शब्द ओठांवर यायच्या आधीच जिभेच्या, घशाच्या, हनुवटीखालच्या स्नायूंना मेंदूकडून बारीक विजेचे ठोके मिळतात. गळ्याभोवती पट्टा बांधला की ते टिपता येतात. कंठी ते टिपते आणि तुमचं वाक्य तुमच्याआधी ओळखते. ती मनातलं वाचत नाही. मनात हजार गोष्टी येतात, त्यातल्या ज्या बोलण्यासाठी गळा सरसावतो तेवढ्याच तिला कळतात. हे सोंग कुणाला आणता येत नाही. त्यामुळे बनावट आवाजांचा सुळसुळाट झाल्यापासून न्यायालयांनी फोनवरची भाषांतरं बंद केली आणि एकट्या कंठीला मान्यता दिली.

पण मराठीनं कंठीला घाम फोडला होता. स्पॅनिशमध्ये नकार आधी येतो. ‘नो’ म्हणायचं आणि मग पुढचं. आपल्याकडे सगळं सांगून झालं की शेवटी ‘नाही’. ‘मी उद्या तुमच्या घरी मुलांना घेऊन जेवायला येणार’ इथपर्यंत ऐकून पाट मांडावेत, तर पुढे ‘नाही’ ऐकू येतं. यंत्रानं त्या शेवटच्या शब्दाची वाट पाहिली तर संभाषण रखडतं, नाही पाहिली तर होकाराचा नकार होतो.

हा तिढा सोडवला ऋजुता देवस्थळीनं. स्पेनच्या वायादोलिद शहरात वीस-बावीस वर्षं स्पॅनिशचं व्याकरण शिकवून ती त्या प्रयोगशाळेत गेली होती. तिनं शोधून काढलं की ज्या वाक्याचा शेवट नकारात व्हायचा असतो, त्याच्या सुरुवातीलाच हनुवटीखालचा एक स्नायू किंचित आवळला जातो. ‘नाही’ ओठांवर यायला अजून अवकाश असतो, पण गळ्याला ते माहीत असतं. प्रयोगशाळेत त्या आवळण्याला ऋजुताचं नाव पडलं. तिला त्याचा केवढा अभिमान होता!

दुसरं काम होतं ‘पेरो’ आणि ‘सिनो’चं. दोन्हीसाठी मराठी माणूस सर्रास ‘पण’ म्हणतो आणि तिथेच फसतो. तो श्रीमंत नाही, पण सुखी आहे. इथं दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही नांदतात, म्हणून ‘पेरो’. तो श्रीमंत नव्हे, तर कंगाल आहे. इथं पहिल्याला पाटावरून उठवलं आणि दुसऱ्याला बसवलं, म्हणून ‘सिनो’. सिनोनंतर वाक्य थांबूच शकत नाही, रिकाम्या पाटावर कुणीतरी बसावंच लागतं. तेव्हा कंठी जर ‘सिनो’ म्हणाली असेल, तर पाटावर बसणारा मुग्धाच्या गळ्यात येऊन उभा होता. तिनं त्याला गिळला, एवढंच.

आणि हे ऋजुताला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

दोन्या अंपारोंनी मुग्धाला बाहेर बसायला सांगितलं आणि ऋजुताला थांबवलं. साठीच्या, बारीक केस कापलेल्या, शांत बाई. कुणावर आवाज चढवायची त्यांना कधी गरजच पडली नसावी.

‘‘तुमची नकाराची पद्धत या यंत्रात आहे, असं डॉक्टर म्हणतात.’’

‘‘हो.’’

‘‘मग मला सांगा, ते चुकू शकतं का? तोंडानं बाई काय म्हणाल्या ते इथं तुम्हालाच कळतं. यंत्र चुकलं असं तुम्ही शपथेवर सांगितलंत तर मी हे उत्तर बाजूला ठेवीन.’’

डॉक्टरबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांनीच ऋजुताला महिन्यापूर्वी समजावलं होतं की तिच्या रक्तात इतकी विरोधी द्रव्यं तयार झाली आहेत की परक्याची किडनी जुळणं जवळजवळ अशक्य. डायलिसिस आणखी वर्षभर साथ देईल, फार तर थोडं अधिक. मुग्धाची जुळली तेव्हा डॉक्टरबाईंनी ऋजुताला मिठीच मारली होती. शस्त्रक्रिया परवावर आली होती.

‘‘मला आधी बहिणीशी बोलू द्या,’’ ऋजुता म्हणाली.

बाहेरच्या बाकावर मुग्धा पाय जवळ घेऊन बसली होती. संगमनेरला तिची बेकरी होती. पहाटेपासून राबणारी, गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखणारी बाई, पण या दगडी इमारतीत अगदी बावरून गेली होती. कंठी तिनं काढून मांडीवर ठेवली होती.

‘‘हे काय म्हणालं गं माझ्या नावावर?’’

ऋजुतानं सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला.

मुग्धानं तोंडावर हात ठेवला. मग ती हळूच म्हणाली, ‘‘कळतं त्याला?’’

ऋजुता आशा करत होती की मुग्धा चिडेल, यंत्राला शिव्या घालेल, ‘भलतंच काय!’ म्हणेल. तिनं तर विचारलं, कळतं त्याला?

‘‘म्हणजे ते खरंय?’’

‘‘खरं म्हणजे…’’ मुग्धा कंठीशी चाळा करत राहिली. ‘‘तू फोनवर काय विचारलंस मला, आठवतं? ‘मुग्धा, तू येतेस ना?’ मी म्हटलं, येते. मग बाबांनी सगळ्यांना फोन केले. आत्या आली, काकू आली, माझी ओटी भरली, जशी काही मी सासरी निघाले. बाबा म्हणाले, आमची मुग्धा कधी ‘नाही’ म्हणत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.’’

ऋजुताला आपलंच वाक्य आठवलं. जन्मभर ती मुलांना प्रश्नांचे प्रकार शिकवत आली होती. ‘येतेस का’ हा प्रश्न असतो. ‘येतेस ना’ हा प्रश्न नसतो. त्या ‘ना’मध्ये ‘नाही’ला बूड टेकायलाही जागा नसते. हे कळायला तिला यंत्र लागलं!

‘‘सिनोच्या पुढे काय होतं? तर काय, मुग्धा?’’

‘‘तर सगळ्यांच्या,’’ मुग्धा म्हणाली. ‘‘माझ्या मनानं नाही, तर सगळ्यांच्या मनानं. तोंडात आलं होतं. नाही बोलले.’’

एक शिपाई फायली घेऊन समोरून गेला.

‘‘पण ताई, तू समजतेस तसं नाही ते,’’ मुग्धा मग घाईनं बोलू लागली. ‘‘माझं प्रत्येक वाक्य ‘नाही’नंच सुरू होतं गं. पहाटे उठायचं असतं तेव्हा आधी ‘नाही’च येतं. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, तेव्हासुद्धा. मी वाक्य सुरू करते तेव्हा ते नाही असतं, नि संपवते तोवर हो झालेलं असतं. मधल्या वेळात मी स्वतःला समजावते. सगळ्याच बायका समजावतात. क्रियापद शेवटी असतं ते काय उगाच?’’

ऋजुता आ वासून तिच्याकडे पाहत राहिली. इतकी वर्षं तिनं वाक्यरचना शिकवली, पुस्तकं लिहिली, यंत्र शिकवलं. आणि मराठी क्रियापद शेवटी का येतं याचं असं उत्तर तिनं कधी ऐकलं नव्हतं. माणसाला वाक्य संपेपर्यंत मन बदलायची मुभा! तिच्या यंत्रानं नेमकी तीच मुभा कापून टाकली होती. ज्या अचूकतेसाठी तिचा सत्कार झाला ती अचूकता वाक्याच्या सुरुवातीची होती. शेवट कुणी मोजलाच नव्हता.

म्हणजे यंत्र चुकलं होतं! खरोखर चुकलं होतं, आणि खोटी शपथ घ्यायचीही गरज नव्हती. छातीवरचा दगड उतरल्यासारखं ऋजुताला झालं. ती हसली, तिनं मुग्धाचा हात दाबला, आणि मुग्धा उठायच्या आतच ती दालनाकडे निघालीसुद्धा.

दोन्या अंपारोंनी तिचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. एकदा त्यांनी ‘ते क्रियापदाचं पुन्हा सांगा’ म्हणून थांबवलं आणि मग स्वतःशीच मान हलवली.

‘‘म्हणजे यंत्राला बाईंची पहिली इच्छा कळते, शेवटची कळत नाही.’’

‘‘हो. कंठीशिवाय विचारा. तिला वाक्य पुरं करू द्या.’’

‘‘आणि मला सांगणार कोण? मराठीचा शपथबद्ध दुभाषी इथं नाही.’’ त्यांनी थोडा विचार केला. ‘‘तुम्ही सांगाल. तुमचा यात स्वार्थ आहे, हे मी नोंदवून ठेवते. ध्वनिमुद्रण माद्रिदला पडताळणीला जाईल, पण त्याला महिना लागेल आणि शस्त्रक्रिया परवा आहे. तेव्हा आज माझ्यापाशी तुमच्या शब्दाखेरीज काही नाही, सेन्योरा.’’

ऋजुतानं डोळ्याला डोळा भिडवून शपथ घेतली. तिला भीती नव्हती. पुढचं उत्तर तिला माहीत होतं.

मुग्धा आत आली, खुर्चीवर बसली. गळा मोकळा होता. दोन्या अंपारोंनी प्रश्न विचारला, ऋजुतानं तो मराठीत सांगितला. या वेळी तिनं ‘का’ वापरला, नीट ठसवून.

‘‘तू तुझी किडनी बहिणीला स्वखुशीनं देतेस का?’’

मुग्धानं आधी न्यायाधीशबाईंकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कंठीकडे.

‘‘यांना एक सांग ताई. त्या यंत्रानं आत्ता माझं ‘नाही’ मोठ्यानं म्हटलं. आजवर माझं पहिलं ‘नाही’ कुणी ऐकलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. आज सगळ्यांनी ऐकलं, नि छत कोसळलं नाही. या बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्यासाठी कधी कुणी काम थांबवलं नव्हतं.’’

ऋजुतानं ते सांगितलं.

‘‘आता उत्तर,’’ मुग्धा म्हणाली. ‘‘ताई मला जिवापेक्षा जास्त हवी आहे तरी, तिनं मला लहानपणी पाठीवर घेऊन शाळेत नेलं असलं तरी, घरी बाबा माझ्याशी पुन्हा बोलणार नाहीत हे कळत असूनही, ऑपरेशनची मला जी भीती वाटते ती सगळे वेडेपणा समजतील हे माहीत असूनही, मी माझी किडनी माझ्या ताईला, आत्ता नि पुढेही…’’

ऋजुताच्या ओठांवर ‘सी’ तयार होतं. होकाराला स्पॅनिशमध्ये एवढासाच शब्द. ती ‘देते’ची वाट पाहत होती.

‘‘…देणार नाही.’’

दालनात कुणाला काही कळलं नाही. डॉक्टरबाई उत्सुकतेनं ऋजुताकडे पाहत होत्या. त्या शब्दाचा अर्थ तिथं दोघींनाच माहीत होता, आणि त्यातली एक टेबलाच्या कडेला घट्ट धरून बसली होती.

ऋजुताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, मुग्धा पुढे काही बोलेल, एखादा ‘पण’ येईल. तिनं वाट पाहिली. मुग्धाचं वाक्य संपलं होतं.

भयंकर राग आला तिला, खोटं कशाला सांगा. पाठीवर घेऊन शाळेत नेलेल्या या मुलीचा, तिच्या भीतीचा, तिच्या बेकरीचा, सगळ्याचा राग आला. आणि त्या रागातच तिला दिसलं की मुग्धा थरथरते आहे आणि तरीही नजर खाली घालत नाही. असं मुग्धाला तिनं कधी पाहिलं नव्हतं. ही बाई कोण आहे, असा तिला धक्का बसला.

‘‘सेन्योरा,’’ दोन्या अंपारो म्हणाल्या. ‘‘काय म्हणाल्या?’’

स्पॅनिशमध्ये तिला शेवट सुरुवातीला आणायचा होता. बहिणीनं इतक्या लांबून, इतक्या अडचणी ओलांडत जिथं पाय टेकवला, तिथून ऋजुताला निघायचं होतं. आणि तिला वाटही दिसत होती. वाक्यातला एकच तुकडा गाळायचा. ‘आत्ता देणार नाही’ एवढंच म्हणायचं. मग न्यायाधीशबाई पुढची तारीख देतील, बाबा समजावतील, आत्या येईल, आणि मुग्धाचं वाक्य कुठंतरी, कधीतरी, नेहमीसारखं हो होऊन संपेल. ‘पुढेही’ गेलं तर कुणाला कळणार? महिन्यानं माद्रिदमध्ये कुणाला तरी. तोवर सगळं झालेलं असेल.

तो तुकडा टिकवायला तिला स्पॅनिशमध्ये एक इवलासा शब्द दोनदा म्हणायचा होता. तो दोनदा म्हटला की आजचंही दार बंद आणि उद्याचंही.

‘‘नो,’’ ऋजुता म्हणाली. सुरुवात झाली होती, आता मागे फिरता येत नव्हतं. ‘‘नो ले दोय मी रिन्योन आ मी एर्माना…’’ मी माझी किडनी माझ्या बहिणीला देत नाही…

डॉक्टरबाईंच्या तोंडून अस्फुट आवाज निघाला.

‘‘…नी आओरा नी देस्पुएस.’’

दोन्या अंपारोंनी ते लिहून घेतलं. मग फाइल मिटली, उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि मुग्धासमोर मान लववून परत गेल्या. डॉक्टरबाई डोळे पुसत बाहेर पडल्या. दालनात दोघीच उरल्या.

मुग्धाचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतका वेळ ती एकेक शब्द कान देऊन ऐकत होती आणि कळत तर काहीच नव्हतं.

‘‘ताई, तू काय सांगितलंस त्यांना?’’

‘‘तू म्हणालीस तेच.’’

‘‘तू दोनदा ‘नि’ म्हणालीस. मी ऐकलं. हे नि ते, असं काहीतरी. तू पुढे जोडलंस ना काहीतरी? खरं सांग. शेवटी हो करून टाकलंस ना?’’

ऋजुतानं तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा घशातून बाहेर काढलेला नकार आपल्या बहिणीनं बदलला असेल, अशी त्या बाईची खात्रीच झाली होती. आणि तिची काही चूक नव्हती. आजवर तसंच होत आलं होतं.

‘‘आपलं ‘नि’ जोडतं,’’ ऋजुता म्हणाली. ‘‘यांचं ‘नी’ तोडतं. हेही नाही, तेही नाही. मी काही जोडलं नाही, मुग्धा. तुझं ‘नाही’ मी पुरं पोचवलं.’’

मुग्धानं ते ऐकलं. समजायला तिला थोडा वेळ लागला. मग तिनं बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडू लागली, आणि मरण वर्षभरावर आलेली ऋजुता तिच्या पाठीवरून हात फिरवत तिला समजावत राहिली.